मालकीचा साग आणि वनपालाचे साहाय्य

यवतमाळ जिल्ह्यात साग केवळ सरकारी जंगलातच आढळतो असे नाही. शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीत व बांधांवरही तो उभा असतो. अशी झाडे म्हणजे अडीअडचणीच्या प्रसंगी उपयोगी पडणारी ठेवच होय. परंतु लग्नकार्य वा आजारपण यांच्या निकडीमुळे ती न मोजता ठोक रकमेस विकल्यास अनेक वर्षांच्या वाढीचे मोल मालकाच्या पदरी पडत नाही. हे नुकसान टाळण्याच्या कामी वनपालाचे साहाय्य फार उपयुक्त ठरते.

वनपाल कसा घडतो

वनखात्यातील क्षेत्रीय सेवेचा आरंभ सामान्यतः वनरक्षकाच्या पदापासून होतो. बारावी उत्तीर्ण उमेदवारास लेखी परीक्षेबरोबर धावण्याची चाचणीही द्यावी लागते. निवडीनंतर चिखलदरा येथील शाळेसारख्या वन प्रशिक्षण शाळेत शिक्षण मिळते. आपल्या नियतक्षेत्राची राखण करीत असता झाडांची पारख, मोजणी, हद्दीच्या खुणा व हातोड्याचे ठसे यांचे ज्ञान त्यास होते. पुढे पदोन्नतीने तो वनपाल होतो आणि अनेक नियतक्षेत्रांच्या वर्तुळाचा कारभार पाहतो. मालकी झाडांच्या पाहणीत हाच अनुभव कामी येतो.

लागवड व विरळणी

खाजगी जमिनीवरील लागवडीस उत्तेजन देण्यासाठी राज्यात १९८२ साली सामाजिक वनीकरणाचे कार्य सुरू झाले. दोन मीटर बाय दोन मीटर अंतरावर साग लावल्यास हेक्टरी २,५०० रोपे बसतात. साग हा प्रकाशप्रिय वृक्ष असल्याने ही सर्व झाडे अखेरपर्यंत ठेवल्यास ती उंच पण बारीक राहतात. म्हणून वाकडी, रोगट व दबलेली झाडे वेळोवेळी काढून टाकणे इष्ट असते. कोणती काढावी व कोणती राखावी, हे वनपालाकडून समजून घ्यावे.

मोजणी

लाकडाचे घनमाप काढताना मध्यभागाच्या गोलाईस चाराने भागून त्या संख्येचा वर्ग करतात व त्यास लांबीने गुणतात. उदाहरणार्थ, १२० सेंटिमीटर गोलाईच्या व ३ मीटर लांबीच्या ओंडक्याचे माप ०.२७ घनमीटर भरते. प्रत्यक्ष घनफळ मात्र सुमारे ०.३४ घनमीटर असते. भाव कोणत्या मापावर ठरला आहे, हे मालकाने सौद्यापूर्वीच विचारून घ्यावे.

परवानगी

वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या राज्य अधिनियमाच्या अनुसूचीत साग, मोहा, आंबा, चिंच, तिवस इत्यादी वृक्षांचा समावेश आहे. ते स्वतःच्या जमिनीवर असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून तोडता येत नाहीत. विरळणीसही हाच नियम लागू आहे. अर्जासोबत सातबाराचा उतारा जोडावा. शेत सरकारी जंगलास लागून असल्यास हद्दीची खात्री आधी करून घ्यावी. सागाचा माल हलविण्यास वाहतूक परवानाही लागतो. आदिवासी खातेदारांच्या वृक्षविक्रीस १९६९ चा स्वतंत्र अधिनियम लागू असून, त्यांची फसवणूक होऊ नये हा त्याचा हेतू आहे.

सारांश, झाडे विकण्याचा विचार मनात येताच प्रथम वनपालाची भेट घ्यावी. झाडांची यादी व गोलाई लिहून ठेवावी आणि त्यानंतरच व्यापाऱ्याशी भाव ठरवावा. असे केल्याने कायद्याचे पालन होते व मालाची योग्य किंमतही पदरात पडते.