मजुरी वाढली, हजेरी का घटली?
(लेखांक ७)

पगाराची स्लिप हातात आली की कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ दिसतो. बहुतेकांचे महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. १९७५ साली हा कर बसला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा आणि तेवढीच भर सरकारने तिजोरीतून घालायची, अशी ती मांडणी होती. मला ती आजही फार मोलाची वाटते.

या योजनेचं मूळ असलेला वि. स. पागे यांचा तासगाव तालुक्यातला १९६५ चा प्रयोग आपण मागच्या लेखात पाहिला. मग मोठा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. त्या अनुभवातून १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागा, १५ दिवसांत मिळेल. नाही मिळालं तर बेकारी भत्ता.

अर्थशास्त्रज्ञांना या योजनेत एक गोष्ट विशेष भावली. गरीब कोण, हे ठरवायला ना यादी लागते ना दाखला. वैशाखाच्या उन्हात खडी फोडायला किंवा पाझर तलावाच्या भरावावर मातीची पाटी वाहायला तोच येतो, ज्याला दुसरीकडे काम नाही. पण यात एक अट दडलेली आहे: मजुरी कमी असेल तरच ही चाळणी चालते.

१९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुपटीने वाढलं आणि त्याबरोबर हमीच्या कामावरची मजुरीही. साहजिकच कामावर गर्दी वाढायला हवी होती. हजेरी उलट घसरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी हीच विसंगती धरून महिन्या-महिन्याच्या हजेरीचे आकडे तपासले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की वाढलेल्या मजुरीला जितकी माणसं आली असती तितकी कामं निघालीच नाहीत. कायद्यात हमी तशीच राहिली आणि प्रत्यक्षात कामाचं रेशनिंग सुरू झालं.

हे रेशनिंग कुठल्या आदेशात सापडत नाही. नवं काम काढायला किमान ५० मजूर लागत. तेवढे जमले नाहीत की थांबा. मंजूर कामांची यादी तयार नसली की थांबा. मागणीचा अर्ज घेतलाच नाही, तर १५ दिवस मोजायचे कुठून? मग भत्त्याचा प्रश्नच उरत नाही. हजेरीपटावर जे आले तेच दिसतात. परत गेलेल्या बाईचं नाव तिथे नसतं आणि आकड्यांचा अभ्यास करणाऱ्याला तीच शोधायची असते.

या निबंधाचा आधार घेऊन ‘मजुरी वाढवूच नये’ असं कुणी म्हणालं, तर मला ते पटत नाही. दिवसभर माती उपसणाऱ्याला किमान वेतनही द्यायचं नाही, हे सरकारला शोभत नाही. चूक मजुरी वाढवण्यात नव्हती. वाढीव मजुरीसोबत पैसा आणि कामं वाढली नाहीत, तिथे होती. त्या कमतरतेचा भार मात्र काम मागणाऱ्यांवर पडला.

पुढे २००५ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. त्यात काम मागणाऱ्याला अर्जाची तारीख घातलेली पोच देण्याची तरतूद आली. १५ दिवस त्या तारखेपासून मोजायचे.