अंगणातल्या वाटेचा पाया

घराचा पाया खणताना सारे कुटुंब भोवती जमते. पूजा होते, नारळ फुटतो. परंतु फाटकापासून दारापर्यंत मोटार नेण्यासाठी जी वाट बांधतात, तिलाही पाया लागतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. वाट म्हणजे वरचे काँक्रीट अथवा फरशी, अशीच बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः भार वाहते ती खालची जमीन.

नागपुरातील धंतोली ही जुनी वस्ती. एकेकाळी येथे प्रशस्त आवारांचे बंगले होते. आज त्यांपैकी पुष्कळांच्या जागी रुग्णालये व उंच इमारती उभ्या आहेत. ज्या आवारांतून पूर्वी सायकली जात, तेथून आता मोटारी जातात. त्यामुळे वाटेखालच्या जमिनीचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे झाले आहे.

जवळच सीताबर्डीची टेकडी आहे. 1817 मधील लढाईमुळे ती इतिहासात प्रसिद्ध आहे. पण तिच्या पाषाणाचा इतिहास फारच जुना आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून तप्त लाव्हा वाहिला आणि थिजून त्याचा काळा बेसॉल्ट झाला. महाराष्ट्राचा फार मोठा भाग ह्याच पाषाणाचा आहे. नागपूर त्याच्या पूर्वेकडील कडेवर वसले आहे. हा दगड फोडला म्हणजे गिट्टी मिळते; ऊनपावसाने अर्धवट झिजला म्हणजे त्याचा मुरूम होतो; आणि पुरता कुजला म्हणजे काळी माती होते. तिघे एकाच घराण्यातले, पण स्वभाव किती भिन्न!

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण म्हणजे जणू अतिशय पातळ पानांच्या वह्याच. पाणी त्या पानांच्या मधे शिरले की वही फुगते. पाणी उडून गेले की ती आकसते. म्हणूनच पावसाळ्यात ही माती वर उचलली जाते, आणि मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे झेपावतो तेव्हा, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवणारी ही माती कपाशीला मोठी मानवते. शेतकऱ्याला जो तिचा गुण, तोच गवंड्याला दोष!

धंतोलीतील एका गृहस्थांनी आपल्या वृद्ध आईची चाकांची खुर्ची सुखाने जावी म्हणून अशी वाट करविली. खोदकामाचा खर्च त्यांना व्यर्थ वाटला. काळ्या मातीवरच काँक्रीट ओतले गेले. दिवाळीत ती वाट आरशासारखी दिसत होती. पहिल्या पावसाळ्यात पाणी कडांकडून आत शिरले. कडेची माती फुगली, मधली कोरडीच राहिली. पुढे उन्हाळ्यात कडा आधी वाळल्या आणि खचल्या. वर्षभरात लांबच लांब तडे गेले, एक बाजू दुसरीहून दोन बोटे उंच झाली, आणि ज्या खुर्चीसाठी हा खटाटोप होता, ती उचलून न्यावी लागू लागली. लोकांनी सिमेंटला नावे ठेवली. सिमेंट बिचारे निर्दोष होते.

आता थोडे गणित करू. एका लहान मोटारीचे वजन 1000 किलो धरा. प्रत्येक चाकावर 250 किलो आले. चाक जमिनीला टेकते ती जागा साधारण पोस्टकार्डाएवढी, म्हणजे 14 सेंटिमीटर लांब व 9 सेंटिमीटर रुंद असते. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 2 किलो भार पडला. खाली 30 सेंटिमीटर जाडीचा घट्ट थर असेल, तर भार खाली जाताना चहूबाजूंना पसरतो. खोलीच्या निम्म्याइतका तो प्रत्येक बाजूस पसरतो असे धरले, तर ती जागा 44 सेंटिमीटर लांब व 39 सेंटिमीटर रुंद होते, आणि मातीवरचा दाब चौदाव्या हिश्शावर येतो. पायाचे एक काम हे.

दुसरे काम पाण्याला दूर ठेवण्याचे. स्कॉटलंडचा प्रसिद्ध रस्तेबांधणीकार जॉन मॅकॅडम (1756 ते 1836) हेच निक्षून सांगे, की भार शेवटी मातीच पेलते आणि ती कोरडी राहिली तरच पेलते.

म्हणून जाणते कारागीर आधी काळी माती 40-45 सेंटिमीटर उकरून काढतात. त्या जागी मुरूम भरतात. तोही एकदम नव्हे, तर वीतभराहून कमी जाडीच्या थरांनी. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमसाने अथवा रोलरने दबाई करतात. पाणी किती घालावे? मूठभर मुरूम आवळला असता त्याचा लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. मुरमावर गिट्टीचा थर येतो, आणि मग काँक्रीट. वाटेला बाजूकडे ढाळ हवा. दोन मीटरला चार सेंटिमीटर पुरेसा होतो. कडेला नालीही हवी. नाहीतर तो उकरलेला खड्डा म्हणजे मातीत पुरलेला हौदच ठरतो, आणि केलेले श्रम पाण्यात जातात!

ह्या कामातील मोठी अडचण अशी, की वर काँक्रीट पडले म्हणजे खाली तीन थर घातले की एक, हे कोणालाच दिसत नाही. त्यामुळे पाहणी करावयाची ती मुरूम उघडा असतानाच. मजूर लोखंडी पहार आपटून पाहतात. चांगल्या दबलेल्या थरात ती फारशी रुतत नाही.

मातीचा हा स्वभाव तुम्हांला घरीही पाहता येईल. दोन ताटल्या घ्या. एकीत काळ्या मातीचा आणि दुसरीत बारीक मुरमाचा चिखल काठोकाठ थापा व दोन्ही चार दिवस कडक उन्हात ठेवा. काळी माती ताटलीच्या काठापासून सुटून तडकेल. मुरूम बहुतेक जागच्या जागी राहील. मग दोन्हींच्या एकाच कडेला चमचा चमचा पाणी सोडा, आणि ती कड उरलेल्या भागापेक्षा किती वर येते ते पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवा.