गॅसला हात नको
ब्रिटनमध्ये गाडीचा एसी घरच्या घरी दुरुस्त करायचा, तर केबिन फिल्टर बदला, कंडेन्सरपुढचा पाचोळा काढा, फ्यूज तपासा, बस्स. गॅस काढून घेणं हे प्रमाणपत्रधारक मेकॅनिकचं काम, आणि तो मुद्दाम हवेत सोडणं बेकायदा. जुन्या गाड्यांतला आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात, किलोला किलो, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमानवाढ करतो. म्हणून २०१७ पासून नव्या गाड्यांत बहुधा आर-१२३४वायएफ येतो. तो महाग, वर किंचित ज्वलनशील! दोन्हींची सरमिसळ नको. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी. वार्षिक एमओटी तपासणीत एसी पाहतच नाहीत. तरी हिवाळ्यातही तो अधूनमधून चालवा. काचेवरचं धुकं जातं, कॉम्प्रेसरमधलं तेल फिरतं राहतं.