न बांधलेल्या घराचे चित्र: रेंडरिंगवर किती विसंबावे?

परदेशात राहून पुण्यात किंवा ठाण्यात घर घेऊ पाहणाऱ्याच्या हाती बहुधा प्रथम येते ते अद्याप उभ्या न राहिलेल्या इमारतीचे देखणे चित्र. संगणकाने घडवलेल्या या चित्रामागील प्रक्रियेस रेंडरिंग म्हणतात. आयुष्यभराची पुंजी गुंतवण्यापूर्वी ती समजून घेणे हिताचे ठरते.

वास्तुरचनाकार स्केचअप, रेव्हिट किंवा थ्रीडीएस मॅक्स यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती रचतो. रेंडरिंगचे सॉफ्टवेअर त्या प्रतिकृतीला प्रकाश, पृष्ठभागांचे गुणधर्म आणि कॅमेरा देते. काच किती प्रकाश परावर्तित करते, रंगवलेली भिंत तो किती विखुरते, याचे गणित करून चित्रातील प्रत्येक बिंदूचा रंग ठरतो. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेले ‘रेंडरिंग समीकरण’ हा या गणिताचा पाया होय.

येथून दोन वाटा फुटतात. व्ही-रे किंवा ब्लेंडरमधील सायकल्स प्रकाशकिरणांचे असंख्य मार्ग तपासतात. परिणाम अचूक, परंतु एका चित्रास कित्येक मिनिटे, प्रसंगी तासही लागतात. एन्स्केप, लुमियन, ट्विनमोशन ही सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डाच्या बळावर चित्र क्षणार्धात दाखवतात. त्यासाठी काही ठिकाणी अचूकतेशी तडजोड करतात. २०१८ पासून किरणांचा माग काढणारी स्वतंत्र यंत्रणा असलेली कार्डे सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आल्याने हे अंतर घटले आहे.

गणित चोख असले, तरी त्यास पुरवलेली माहिती माणसानेच निवडलेली असते. रुंद कोनाच्या भिंगाने दहा फुटी खोली ऐसपैस भासते. कॅमेरा भिंतीपलीकडे ठेवून मधली भिंत अदृश्य करता येते. प्रत्यक्षात तेथे कोणी उभाही राहू शकणार नाही. फर्निचर किंचित लहान केले की जागा वाढल्यासारखी वाटते. सूर्य तर हवा तेथे ठेवता येतो. लंडनमध्ये माध्यान्हीचा सूर्य सदैव दक्षिणेस असतो. पुणे मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने जूनमध्ये तेथे तो माथ्याच्या किंचित उत्तरेस जातो. म्हणून परदेशातील अनुभवावरून उजेडाचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

यास्तव विकासकाकडे काही गोष्टी मागाव्यात: चित्र कोणत्या ठिकाणी उभे राहून, कोणत्या भिंगाने घेतले, उत्तर दिशा कोणती, सूर्याची स्थिती प्रत्यक्ष अक्षांश, तारीख व वेळ यांनुसार आहे काय. खोलीची मापे चित्रावरून न घेता महारेराच्या संकेतस्थळावरील मंजूर नकाशे आणि चटईक्षेत्र यांच्याशी पडताळावीत.

जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमातील कलम १२ भरपाईची, तसेच व्यवहारातून बाहेर पडल्यास सव्याज परताव्याची तरतूद करते. तेव्हा ज्या चित्रांवरून निर्णय घेतला, ती माहितीपत्रकासह जपून ठेवावीत.