तुम्हाला धरून की सोडून?

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याला पंचवीस वर्षं होत असतानाच पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, गदारोळ झाला आणि २९ जून २०२५ ला सरकारने तो मागे घेतला. कोणती भाषा, कितवीपासून, यावर सगळे भांडले, मीही भांडलो. पण दुसरी भाषा शिकताना मुलाच्या डोक्यात काय चालतं, हे विचारायचं याही वेळी राहिलं, आणि तेच मला लागलं.

मी इंग्रजीचा शिक्षक. २००४ पर्यंतची माझी वर्षं पाचवीच्या वर्गात तर्खडकरी वळणाच्या भाषांतरात गेली. त्यांत सांगण्यासारखं फार नाही. खरी वर्षं २००४ नंतरची. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली तुकडी त्या जूनमध्ये पाचवीत आली. गाणी तोंडपाठ, बोलायला धीट, आणि प्रश्न विचारणारी. ‘मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मग इंग्रजीत दोन्हीकडे ‘एट’च कसं?’ मराठीतलं क्रियापद इथे खाणाऱ्याकडे नाही, आंब्या-चिंचेकडे बघून बदलतं, हे त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं. इंग्रजीशी गाठ पडली म्हणून त्याला स्वतःची मराठी दिसली. ‘टेबलावर’मधला ‘वर’ मागे, ‘ऑन’ मात्र पुढे. मराठीत आपल्याला भूक लागते, इंग्रजीत माणूसच भुकेला असतो. अशा जोड्यांनी फळा भरायचा आणि तास संपायचा.

ब्रिटनमध्ये एरिक हॉकिन्स यांनी १९८४ मध्येच यावर पुस्तक लिहिलं होतं. मातृभाषेचा तास आणि परभाषेचा तास यांच्यामधली भिंत पाडा, मुलांना भाषेबद्दलच बोलू द्या, हे त्यांचं म्हणणं. आमच्या प्रशिक्षणात मात्र बजावलं जाई: इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द नको. तो दंडक मला तेव्हाही चूक वाटत होता, आजही वाटतो.

एकदा तपासणीचे अधिकारी मागे बसले होते. एका मुलीने हात वर केला. ‘सर, ‘वी’ म्हणजे आम्ही की आपण? तुम्हाला धरून की सोडून?’ मराठी जो भेद करते तो इंग्रजी करत नाही, हे दहा वर्षांच्या मुलीने ओळखलं होतं. मी तिला प्रश्न इंग्रजीत विचारायला सांगितलं.

ती खाली बसली. वर्षभरात तिचा हात पुन्हा वर आला नाही.