दुकानाचा नंबर कोणाच्या नावावर?

सांगली-मिरजेत मी ईपीएबीएक्स बसवतो. दवाखान्यात, गोदामात, लॉजवर भिंतीला डबा ठोकायचा, बाहेरून दोन-तीन लाइनी घ्यायच्या, आत टेबलाटेबलाला एक्स्टेंशन द्यायचं, हा माझा धंदा. आता त्याच गिऱ्हाइकांचे फोन येतात, "डबा काढून व्हर्च्युअल नंबर घ्यावा म्हणतोय, तुमचं काय मत?" बहुतेकांना मी घ्या म्हणूनच सांगतो. पण कोणता घ्यायचा, हे कंपनीचं माहितीपत्रक वाचून ठरवू नका, एवढा आग्रह धरतो.

हा नंबर तुमच्या कुठल्याच सिमकार्डात नसतो, दुकानात आलेल्या तारेतही नसतो. तो सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो. गिऱ्हाइकानं फोन लावला की सर्व्हर तो उचलतो, नमस्कार म्हणतो, बटण दाबायला सांगतो, आणि तुमच्या माणसाच्या मोबाइलवर दुसरा कॉल लावून दोन्ही जोडून देतो. या दुसऱ्या कॉलचे पैसे तुमच्या बिलात येतात. 'इनकमिंग फुकट' असं धरून चालणाऱ्याला पहिलं बिल बघून धक्का बसतो.

मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं सांगतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव. अथणी, चिकोडी, जमखंडीकडचे पेशंट इथं येतात आणि त्यांतले बरेच फक्त कानडी बोलतात. लॅबमध्ये काउंटरवर एक मुलगी, तिच्या हातात एक मोबाइल. सकाळी सातपासून तिच्यासमोर रक्त द्यायला आलेल्यांची रांग, आणि त्याच वेळी सगळे फोन: उपाशीपोटी यायचं का, रिपोर्ट झाला का, घरी येऊन रक्त नेता का. मी लॅबच्या मालक मॅडमना म्हटलं, आधी आठवडाभर एका वहीत लिहा. फोन किती वाजता आला, कशासाठी आला, कितींना उत्तर देता आलं नाही. त्या वहीनंच सगळं ठरवलं. त्यांना दहा माणसांची सोय नको होती. सकाळच्या दोन-तीन तासांत एकाच वेळी आलेले चार-पाच कॉल झेलता यायला हवे होते. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा: एका वेळी किती कॉल चालतील? एकाच वेळी कॉल येण्याच्या या वाटांना आमच्या धंद्यात चॅनेल म्हणतात. चॅनेल भरले की गिऱ्हाइकाला एंगेजच ऐकू येणार, मग तुमची प्रणाली कितीही भारी असो.

मेनू आम्ही दोनच बटणांचा ठेवला: मराठीसाठी एक, कानडीसाठी दोन. आणि काहीच दाबलं नाही तर कॉल थेट माणसाकडे. हे शेवटचं फार महत्त्वाचं. म्हातारी माणसं बटण दाबत नाहीत, नुसती ऐकत थांबतात आणि शेवटी फोन ठेवतात. विक्रेते सात-आठ पर्यायांचा मेनू दाखवून खूश करतात. छोट्या धंद्याला तो मारक आहे.

आमच्या भागात या प्रणालीचा आणखी एक फायदा लक्षात आला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदी ५७ फुटांवर गेली, गणपती पेठ, मारुती चौक पाण्यात गेले. तळमजल्यावरचे डबे आणि वायरिंग चिखलात गेलं. पेठेतल्या व्यापाऱ्यांचा ०२३३ चा लँडलाइन नंबर वाजायचा थांबला, तेही नेमके ज्या दिवसांत गावोगावचे लोक काळजीनं फोन लावत होते. मोबाइलवर कॉल वळवणारी प्रणाली असती, तर व्यापारी नातेवाइकांकडे बसून उत्तर देऊ शकला असता. मात्र इथं एक फरक विचारून घ्या. काही प्रणाली साध्या मोबाइल कॉलवर चालतात, काही ॲपमधून इंटरनेटवर. ज्यांच्याकडे नेट रडतरखडत चालतं, त्यांनी पहिलीच घ्यावी.

१८०० चा टोल-फ्री नंबर बहुतेकांनी घेऊ नये. त्यात गिऱ्हाइकाच्या कॉलचा खर्चही तुम्ही भरता, आणि आज बऱ्याच गिऱ्हाइकांच्या पॅकमध्ये कॉल अमर्याद असतात. भाव विचारताना मिनिटाचा दर, पल्स (म्हणजे बिल मोजायचा टप्पा) ३० सेकंदांचा की ६० चा, किती माणसं जोडता येतील आणि वर १८ टक्के जीएसटी, हे सगळं मिळून महिन्याचा आकडा काढायला सांगा.

कागदपत्रांना कंटाळू नका. पॅन, जीएसटी नोंदणी, पत्त्याचा पुरावा न मागता कोणी नंबर देत असेल तर तिथून उठा. जाहिरातीचे कॉल १४० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करायचे असतात. साध्या नंबरावरून मोहीम चालवली तर नंबर बंद होऊ शकतो. कॉल रेकॉर्ड होत असेल तर सुरुवातीच्या निवेदनातच तसं सांगा. लॅबच्या फोनवर माणसं आपल्या आजाराबद्दल बोलतात. ते रेकॉर्डिंग कोण ऐकू शकतो आणि किती दिवस राहतं, हे मालकाला माहीत असलंच पाहिजे.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याचा नंबर पोत्यावर, हिशेबाच्या पट्टीवर, गाडीवर छापलेला असतो. तोच नंबर शेतकऱ्याच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं असतो. मोबाइल नंबर तुम्ही पोर्ट करू शकता. २० जानेवारी २०११ पासून ती सोय देशभर आहे. व्हर्च्युअल नंबर मात्र पुष्कळदा सेवा कंपनीच्या खात्यावर असतो, तुम्ही फक्त भाडेकरू. भाडं थांबलं की नंबर जातो, आणि उद्या दुसऱ्याच कोणाला मिळू शकतो. म्हणून जुना नंबर कधीच सोडू नका. तो स्वतःच्या नावावर चालू ठेवा आणि त्यावरचे कॉल नव्या प्रणालीकडे वळवा. यूएसएसडी कोडनं, म्हणजे फोनवर स्टार-हॅशचा कोड दाबून, कॉल फॉरवर्डिंग करण्याची पद्धत दूरसंचार विभागाच्या आदेशानं १५ एप्रिल २०२४ पासून थांबवली गेली, तेव्हा कॉल वळवण्याचा आजचा मार्ग आपल्या मोबाइल कंपनीलाच विचारा.

करारावर सही करण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: सेवा सोडली तर हा नंबर आमच्याकडे राहील की नाही. लेखी उत्तर मिळत नसेल, तर तो नंबर पाटीवर रंगवू नका.