घरातले इंटरनेट अचानक मंदावते तेव्हा

रविवारी सकाळी आईवडिलांशी व्हिडिओवर बोलताना त्यांचा चेहरा मध्येच गोठतो, आवाज तुटतो आणि पलीकडून "ऐकू येतंय का रे?" एवढेच काय ते ऐकू येते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे. मग कंपनीला फोन होतो. तिकडचा माणूस मोडेम बंद-चालू करायला सांगतो आणि तेवढ्याने भागले नाही, तर थोडे डॉलर जादा भरून मोठा प्लॅन घ्या असे सुचवतो. माझे म्हणणे असे, की दोष घराच्या आत आहे की बाहेर हे ठरल्याशिवाय बिल वाढवू नये. ते ठरवायला अर्धा तास आणि नेटवर्कची एक चांगली केबल पुरते.

आधी एककांचा घोळ मिटवू. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, संगणक फाइल उतरवताना बहुधा मेगाबाइट दाखवतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. तेव्हा ४०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल सेकंदाला ५० मेगाबाइटच्या आसपास उतरत असेल, तर काहीच बिघडलेले नाही.

आता मोजमाप. बाकीची सगळी यंत्रे बंद ठेवून लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडा, त्याचे वाय-फाय बंद करा आणि वेग मोजा. (मोडेम वेगळा असेल, तर जोडल्यावर तो एकदा बंद-चालू करावा लागतो, बहुधा नव्या यंत्राला तो त्याशिवाय दाद देत नाही.) हेच एकदा भल्या पहाटे आणि एकदा रात्री नऊला करा. नुसत्या आकड्यापेक्षा तो कसा वागतो हे जास्त बोलके असते.

केबलवर वेग पुरा आणि वाय-फायवर अपुरा, म्हणजे दोष घरात. अमेरिकन घरांत केबल तळघरात येते आणि राउटरही तिथेच, भट्टी आणि पत्र्याच्या डक्टांशेजारी बसतो. धातूतून रेडिओलहरी जात नाहीत. त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये सगळे शेजारी त्यांतच दाटीवाटीने बसलेले. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. वेग एका दिवसात कोसळला असेल, तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवरून गुपचूप २.४ वर उतरलेला नाही ना, हे पाहावे.

एका स्नेह्यांकडे गिगाबिटचा प्लॅन, पण आकडा पहाटे-रात्री ९४ वरून हलेना. इतका स्थिर आकडा हीच खूण. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात; एखादी तुटली की दोन्ही यंत्रे मुकाट्याने १०० मेगाबिटवर येतात आणि हिशेबाची वजावट जाता हाती ९४ उरतात. सोफ्याच्या पायाखाली चेपलेली केबल बदलली, काम झाले.

थेट मोडेमवरही वेग कमी असेल, तर दोष तारेत किंवा रस्त्यावर. टीव्हीच्या केबलवरून जोडणी असेल, तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकल्यावर बहुतेक मोडेम आपली प्रकृती दाखवतात. उतरत्या वाहिन्यांची शक्ती उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत असावी, आणि न सुधारता आलेल्या चुकांचा आकडा भराभर वाढू नये. भिंतीमागे विसरलेला जुना टीव्हीचा स्प्लिटर निम्म्याहून अधिक शक्ती खातो. तो काढा, ढिले जोड घट्ट करा. पहाटे वेग पुरा आणि रात्री अर्धा, तर ती गल्लीतली गर्दी. तारखा-वेळांची टिपणे काढून तंत्रज्ञ मागवावा. मोठ्या प्लॅनने ती गर्दी हटत नाही.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे वेगाची चाचणी ठणठणीत आणि संभाषण मात्र तुटके. केबलच्या जोडणीत वर जाणारी वाट अरुंद असते. फोन लग्नाचे फोटो वर चढवू लागला, की मोडेम जादा पाकिटे आपल्या स्मृतीत रांगेत उभी करतो आणि आपल्या आवाजाचे इवलेसे पाकीट, आरक्षणाच्या खिडकीवर असावे तसे, त्या सगळ्यांच्या मागे. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव दिले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' हा उतारा मांडला. तुमच्या राउटरमध्ये 'एसक्यूएम' ही सोय असेल, तर ती चालू करून मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा. चाचणीचा आकडा थोडा घटेल, पण आईचा आवाज तुटणार नाही. सोय नसेल, तर बोलणे होईपर्यंत फोटो थांबवा.

इथे सगळे ठीक आणि फक्त भारताशीच अडचण, असेही होते. न्यू यॉर्क ते मुंबई सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा भाग तरी लागणारच. प्रत्यक्ष केबल वळणे घेत जाते, म्हणून अधिकच. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ लाल समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारताची वाहतूक दुसऱ्या वाटांनी वळवावी लागली. अशा दिवसांत मोडेमला हात लावू नये; चित्र बंद करून नुसत्या आवाजावर बोलावे, त्याला सेकंदाला शंभर किलोबिटही पुरतात.